आमच्या घरचा पीपी नंबर

१२ जून १९९४, हमरापूर

रंगवाल्याने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी, आजवर कोरीच पडली होती. आजपासून लिहायला घेतेय, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि आमच्या ह्यांनी कालच दम भरलाय, "सरू, फोनवरचं आळीत बोललीस तर वायर कापून टाकीन." हे म्हणजे महिपती. गणपतीचा कारखाना ह्यांचा, जीभ माझी. कारखान्याचं नाव झालं ते दोन्हींमुळे.

तर फोन आलाय. नंबर लावला तेव्हा आमची पुतळी पाचवीत होती, आता ती बारावीला आहे. पेणचा वायरमन भजी खाऊन, दोनदा चहा पिऊन जोडून गेला. एक फोन पुढे कारखान्यात, दादरच्या व्यापाऱ्यांसाठी. दुसरा आत चुलीपाशी, त्याला पॅरलल म्हणतात. पुढचा वाजला की हाही वाजतो. हात पिठाचे असले तरी मी कोपराने उचलते.

आळीत ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आपल्या मुंबईच्या भाच्याला, बँकेला आणि व्याह्यांना आमचा नंबर देऊन टाकला, पुढे 'पीपी' लिहून. पीपी म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नाही. माझ्या मते पळत पळत. कारण फोन आला की पळायचं मी.

१५ जून

काशीबाईचा जावई विरारहून बोलला. काशीबाई पुढे बोलत होती, मी आत मिरच्या निवडत होते. मिरच्या निवडताना एक हात मोकळाच असतो. सहज उचलला.

देवा शप्पथ, ऐकायचं मनात नव्हतं. पण माणसं बोलतात काय एकेक! जावयाला पाइल्स. काशीबाई सांगते, सुरण खा. अहो, सुरणाने आणखी पेटेल! ओठावर आलं होतं, पण बोलले नाही. बोलले असते तर कळलं नसतं का? संयम म्हणजे काय, ते मला फोनने शिकवलं.

२१ जून

पुतळी पेणला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाते. घरी येऊन मोठमोठ्याने पाठ करते. आज तिने 'लिसन इन' घेतलं होतं. 'लिसन टू' म्हणजे समोरच्याचं ऐकणं. 'ओव्हरहिअर' म्हणजे आपसूक कानावर पडणं, त्यात दोष नाही. आणि 'लिसन इन' म्हणजे दुसऱ्यांच्या बोलण्यात कान घालून बसणं, मुद्दाम, त्यांना न सांगता. पुढे 'ऑन' लावून कोणाचं ते सांगायचं. मग माझ्याकडे बघत बघत वाक्यात उपयोग केला, "माय मदर लिसन्स इन ऑन द होल आळी."

एवढं इंग्रजी मला कळतं, कार्टे. आठवी झालेय मी.

"माझं ते ओव्हरहिअर," मी म्हटलं.

"आई, रिसीव्हर काय आपोआप कानाला चिकटतो?"

मग तिनेच पुस्तकात बघून सांगितलं की रेडिओ ऐकायलाही 'लिसन इन' म्हणतात. घ्या! मग माझं काय चुकलं? रेडिओवर तरी कुठे आपल्याशी बोलतात? मराठीत ह्यालाच मेले चोरून ऐकणं म्हणतात, जसं काय मी भांडी पळवली. इंग्रजांनी कसं इज्जतीने नाव दिलंय. आजपासून मी लिसन इन करते.

२८ जून

सगुणाला आजही फोन आला, ह्या महिन्यातला कितवा कोण जाणे.

सगुणा ही काळुरामची मुलगी. काळुराम खाडीवर मिठागरात राबतो, आळीच्या टोकाला घर. बायको गेली तेव्हा सगुणा एवढीशी होती, आमच्याच कारखान्यात माती तुडवत वाढली. आता गणपतीच्या डोळ्यांची आखणी तीच करते. सगळ्या कामात हेच काम अवघड. मुकुट वाकडा गेला तर पुसता येतो, डोळा चुकला तर गणपती व्यापाऱ्याकडे रागाने बघतो. आमचे हे आता पन्नाशीला आले, हात कापतो. सगुणा नसेल तर आमचा सीझन संपला, इतकं साधं आहे.

म्हणून तिचे फोन ऐकणं माझं कामच आहे. बोलणारा कान्हू, रोह्याचा. धाटावला कारखान्यात फिटर. मागच्या वर्षी मंडळाची मूर्ती न्यायला आला होता, मूर्ती नीट नेली, नजर इथेच ठेवून गेला.

आज मोठी फजिती होणार होती. मी ऐकत असताना माझ्या कुकरने शिट्टी दिली.

सगुणा म्हणाली, "तुमच्याकडं कुकर लागलाय वाटतं."

"बूथमधी कुठला कुकर गो?" कान्हू म्हणाला.

"असूं दे. दोन शिट्ट्या झाल्या, डाळ शिजली असंल. उतरवायला पायजेल."

मी गॅस बंद केला. डाळ खरंच अगदी नेमकी शिजली होती. रोह्याला बूथच्या शेजारी खाणावळ असणार. वाचले बाई.

५ जुलै

आज सगुणा फोनवर म्हणत होती, "जमिनीवर बसून बसून गुडघ्यांचा भुगा झालाय. पण काकीला सांगायचं कसं? किती कामं असतात त्यांना." बोलते मात्र हल्ली अगदी सावकाश, स्पष्ट, बातम्या सांगितल्यासारखी. प्रेमात माणूस सुधारतं.

संध्याकाळी मी पेणहून तिला बसायला उंच स्टूल आणलं. तिने तोंडाचा आ केला, "काकी, तुम्हाला कसं गो कळलं?"

"माणसाकडे बघितलं की कळतं मला," मी म्हटलं. कारखान्यातला गुणाजी रंग घोटता घोटता खोकत बसला. त्याला रंग बाधतो.

९ जुलै

फोनवर म्हणाली, चारच्या चहाबरोबर पोटात काहीतरी पाहिजे, डोळे काढताना हात हलका पडतो. आजपासून वडे सुरू केले.

१३ जुलै

वडे तिला तिखट चालत नाहीत म्हणे. कान्हूला सांगत होती. मिरची कमी केली.

१५ जुलै

आज जे ऐकलं ते बरं नाही.

काळुरामने सगुणासाठी डोलवीचं स्थळ बघितलंय. हैबतराव. नवीन कारखान्याला माणसं पुरवतो, ठेकेदार. बायको वारली, चाळिशी पार, दारात जीप. सगुणाच्या भावाला, जनूला, कंपनीत लावून देतो असा शब्द दिलाय. जनू सध्या पुलावर बसून डोलवीच्या गाड्या मोजतो, एवढंच काम. रविवारी बघायला येणार.

"तू नाय म्हण ना," कान्हू म्हणाला.

"कोणाला म्हणू? बाबांनी मला विचारलं असतं तर नाय म्हटलं असतं. त्यांनी जनूला विचारलं, मामाला विचारलं, जीपचा रंग विचारला. माझं कोण ऐकतंय?"

आणि रडली. सगुणा रडत नाही, तिची आई गेली तेव्हाही माझ्या पदराला धरून नुसती उभी होती. मी इकडे रिसीव्हर घट्ट धरून बसले आणि माझंच नाक वाहायला लागलं. ओढताही येईना, आवाज जायचा.

आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "लोकांच्या घरचं. लष्कराच्या भाकऱ्या भाजू नको." मग थोड्या वेळाने हेच म्हणाले, "रविवारी किती वाजता?"

१७ जुलै

गेले मी. पोहे करायला बाईमाणूस नाही घरात, म्हणून काळुरामनेच बोलावलं होतं. त्याची चूक.

बघण्याच्या कार्यक्रमात बायकांनी कुठे बसायचं? पडद्याआड, चुलीपाशी. बाहेर पुरुष ठरवतात, आत आम्ही कान देऊन बसतो. आमच्या आज्या-पणज्यांनी हेच केलं. लग्न मोडायचं की होऊ द्यायचं ते पुष्कळदा पडद्याआडूनच ठरलंय, मीठ जास्त घालून नाहीतर कमी घालून. ह्याला कोणी लिसन इन म्हणत नाही, ह्याला रीत म्हणतात. मग फोनचंच काय ते पाप?

हैबतराव माणूस तसा वाईट नाही, हे मला लिहिलं पाहिजे. हळू बोलतो, पोहे मागून घेतले. पण बरोबर बहीण आणली होती. ती पुरुषांत खुर्चीवर बसून म्हणाली, "आमच्याकडे आल्यावर हे चिखलाचं काम बंद. रंगाचे हात चारचौघांत बरे दिसत नायत."

माझ्या हातात झारा होता. तो घेऊनच मी बाहेर आले. "चिखलाचं काम? घरी गणपती बसवता ना? त्याला डोळे काय तुम्ही देणार?"

जनूने पोहे गिळले ते ऐकू आलं. काळुराम माझ्याकडे असा बघत होता की मिठागरात पुरलं असतं त्याने मला.

हैबतराव हसला आणि म्हणाला, बरोबर आहे वहिनींचं, गणपतीपर्यंत करू दे काम, लग्न तुळशीनंतर. म्हणजे मोडलं नाहीच. उलट माझा सीझन सुरक्षित झाला. ह्यात आनंद मानायचा की काय, ते मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. सगुणाने निघताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२० जुलै

दादरचा व्यापारी पेटलाय, पहिली गाडी लवकर पाहिजे. मूर्ती पांढऱ्या होऊन रांगेत उभ्या आहेत, दागिने झाले, सोंडा झाल्या, डोळे राहिले. सगुणा काम करते, पण वडे परत पाठवते.

मी तिला म्हटलं, "अगो, गणपतीपर्यंत तर इथेच आहेस."

"व्हय," म्हणाली. "तुमचं काम होईल काकी."

हे असं लागलं मला! माझं काम होईल म्हणे. मी काय कामासाठी? बरं, कामासाठीच. पण नुसतं कामासाठी नाही. जाऊ दे. तिच्या आईची जागा मी कधी मागितली नाही, पण तिच्या डोक्यातल्या उवा कोणी काढल्या होत्या?

२५ जुलै

भराभर लिहितेय, अक्षर लागलं तर लागलं.

दुपारी कान्हूचा फोन. मी तिला बोलावलं, आत आले, उचलला. कान्हू सांगत होता की त्याच्या आईने होकार दिलाय. सगुणाने गुरुवारी सकाळी रोह्याला यायचं, त्याच्या थोरल्या बहिणीकडे राहायचं, चातुर्मास संपला की लग्न. सगळ्यांसमोर, रीतसर.

गुरुवारी! आणि माझे गणपती? माझ्या डोक्यात आधी गणपतीच आले. खोटं कशाला लिहू.

मग सगुणा म्हणाली, "कान्हू, जरा थांब हां." आणि मग, तेवढ्याच शांतपणे म्हणाली, "काकी."

मी तोंडावर पदर धरला.

"काकी, आतला फोन उचलला की आवाज खोल जातो. आख्ख्या आळीला ठाऊक हाय. काशीबाई तर तुमच्यासाठीच मोठ्यानं बोलतात. तर ऐका. बाबांना कोणीतरी सांगितलंय रोह्याचे फोन येतात म्हणून. ते उद्या तुम्हाला विचारायला येतील. मी काय सांगत नाय तुम्हाला, काय बोलायचं ते. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं."

मी काय केलं? मी, जी हैबतरावाच्या बहिणीसमोर झारा घेऊन गेले, ती मी हळूच रिसीव्हर खाली ठेवला. चोरासारखा.

आता रागाने नुसती लाही होतेय. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! म्हणजे स्टूल? वडे? मिरची कमी? मला माकड करून नाचवलं त्या पोरीने, आणि मी आपली मनकवडी म्हणून मिरवत होते. गुणाजी खोकत नव्हता मेला, हसत होता. येऊ दे उद्या काळुराम. सगळं सांगते, बूथसकट.

२६ जुलै

काळुराम कामावरून थेट आला. पाय गुडघ्यापर्यंत खाऱ्या चिखलाने भरलेले. आत येईना, कारखान्याच्या दारातच उभा राहिला. मी कामगारांना चहाला पिटाळलं. आमचे हे कोपऱ्यात पाठमोरे माती मळत बसले. पुतळी पुस्तक घेऊन दाराआड. कोणाची मुलगी ती.

"वैनी," तो म्हणाला, "रोह्याचा फोन येतो सगुणाला. कोण तो? काय बोलतात?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच सांगणार होते. एक शब्द पुरे होता. काळुरामने तिला गुरुवारी घराबाहेर पडू दिलं नसतं, गणपतीपर्यंत माझ्या नजरेखाली बसून ती डोळे काढत राहिली असती, आणि तुळशीनंतर जीपमधून डोलवीला गेली असती. माझं काम झालं असतं.

पण मी विचारलं, "तू तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं?" काळुराम म्हणाला. त्याला खरोखरच समजलं नाही मी काय म्हणतेय ते. "ती पोरगी हाय. तुम्ही ऐकता, तुम्हाला ठाऊक असंल, म्हणून तुमच्याकडं आलो."

तेव्हा माझ्या मनात आलं, अरे देवा, ह्या पोरीचं ऐकणारी आख्ख्या हमरापुरात मी एकटीच आहे, आणि तीसुद्धा चोरून. तिच्या बापाला तिच्या मनातलं विचारायला माझ्याकडे यावं लागतं. बोलायला माणूस नव्हतं म्हणून ती माझ्या चुलीशी बोलत होती, कुकरच्या शिट्टीशी बोलत होती. गुडघे दुखतात हेसुद्धा तिला रोह्याला फोनवर सांगावं लागलं, तेव्हा कुठे दोन हातांवर बसलेल्या मला कळलं.

मी पदर खोचला. "काळुराम, माझ्या घरात दुसऱ्याचा फोन ऐकायची पद्धत नाय."

आमच्या ह्यांच्या हातातला मातीचा गोळा पडला. दाराआड पुतळीला ठसका लागला.

"वैनी, आख्ख्या आळीला..."

"आळी काय वाट्टेल ते बोलते. फोन येतो, मी हाक मारते, आपल्या कामाला लागते. काय बोलतात ते मला ठाऊक नाय."

"शपथ घ्या."

मी शेजारच्या मूर्तीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घेतली. ओला रंग तळव्याला लागला.

काळुरामने मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे. अडाणी नाही तो. "ह्याला डोळे कुठं हायत? डोळे नाय तोवर देव नाय, माती. मातीची शपथ घेतलीत तुम्ही."

"व्हय, मातीचीच," मी म्हटलं. आता माझाही आवाज चढला. "डोळे काढणारी तुझ्या घरात बसलीय. काय विचारायचं ते तिलाच विचार. आणि विचारलंस की ऐकून घे तरी, मधी बोलू नको."

तो खाऱ्या चिखलाची पावलं उमटवत गेला. आमचे हे उठले, हात धुतले आणि मला म्हणाले, "चहा करतो." लग्नानंतर पहिल्यांदा. साखर विसरले, पण मी काही बोलले नाही.

२८ जुलै, गुरुवार

सगुणा गेली. रोह्याच्या पहिल्या गाडीने.

मी फाट्यावर गेले नव्हते. गेले असते तर रडले असते, आणि तिथे दूधवाला बघत उभा असतो. पुतळी कॉलेजला जायला तिथेच उभी होती, तिने येऊन सांगितलं. म्हणाली, आई, काळुरामकाका आला होता पोचवायला. सगुणाची पिशवी त्याच्या हातात होती. गाडी आली तर पिशवी देईना, आधी आत चढून जागा धरली, खिडकीची, मग पिशवी दिली. कंडक्टर ओरडला तेव्हा खाली उतरला. गाडी गेल्यावर पण तिथेच उभा होता म्हणे, रस्त्याकडे तोंड करून.

म्हणजे विचारलं वाटतं मेल्याने शेवटी.

दादरच्या व्यापाऱ्याचा फोन सकाळपासून दोनदा वाजला. कोणी उचलला नाही. आमचे हे स्टूलवर बसून पहिला डोळा काढतायत, मी त्यांचं मनगट धरलंय, आणि दोघं मिळून जो डोळा झाला तो जरा घाबरल्यासारखा दिसतोय. चालेल. दादरला मूर्ती बघून व्यापारीच घाबरेल.

काय बोलले असतील बापलेक त्या रात्री, कोण आधी बोललं, कोण रडलं, जीवच वर-खाली होतोय माझा. पण कळायला काही मार्ग नाही. त्यांच्या घरी फोन नाही.